कुत्र्याची उलटी: काय बघायचं, किती थांबायचं, कधी गाडी काढायची

मार्कंडेयकाठ

पाऊस लागला की 'कुत्रं ओकतंय, काय देऊ?' हा प्रश्न प्रत्येक ग्रुपवर येतो आणि खाली औषधांच्या नावांची रांग लागते. औषधाच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात, त्या एका जागी असाव्यात म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इकडची नेहमीची कारणं ज्याला माहीत असतील त्याने भर घालावी.

पहिलं, ती खरंच उलटी आहे का. उलटीआधी कुत्रं अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ गळते, पोट जोराने आत-बाहेर होतं आणि मग बाहेर पडतं. पोट न हलता, नुसती मान खाली घातली आणि जेवण जसंच्या तसं लांबट गोळा होऊन पडलं, तर ते अन्ननलिकेतूनच परत आलंय, जठरात पोचलेलंच नाही. त्याची कारणं आणि तपासण्या वेगळ्या. तिसरा प्रकार फसवा आहे: कोरडा ठसका, ठसका, आणि शेवटी थोडा पांढरा फेस. हा बहुतेक वेळा श्वासनलिकेच्या संसर्गाचा खोकला असतो आणि घरचे पोटाची औषधं देत बसतात. मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरचा निम्मा वेळ वाचतो.

दुसरं, काय पडलं. पिवळा फेस म्हणजे पित्त. चहाच्या चोथ्यासारखं काळपट म्हणजे जठरात रक्त येऊन पचलेलं. शेणासारखा वास येत असेल तर खाली आतड्यात अडथळा असण्याची शक्यता मोठी.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन उलट्यांच्या मधल्या वेळात कुत्रं कसं आहे. शेपूट हलवतंय, फाटकाकडे पळतंय, तर वेळ आहे. कोपरा धरून बसलंय, तर नाही. ओठ वर करून हिरडी बघा: गुलाबी आणि ओलसर पाहिजे. बोट दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. पांढरीफटक, निळसर, विटेसारखी लाल किंवा पिवळी दिसली तर हा धागा बंद करा आणि निघा.

अनगोळकर

चांगला विषय. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतून एकच तक्रार: पहाटे पाच-सहाला पिवळा फेस टाकतं, नंतर दिवसभर ठणठणीत. ह्याला काय म्हणायचं?

गोठा ते क्लिनिक

रात्री आठला जेवण आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही, असं असेल तर जठर रिकामं राहतं, पित्त उलटं वर येतं आणि आतल्या अस्तराला झोंबतं. आपल्याकडे कुत्र्याला एकदाच, तेही रात्री, भाकरीचा ढीग घालायची पद्धत आहे, त्यामुळे हे फार दिसतं. तेवढंच अन्न दोन-तीन वेळांत वाटा आणि झोपायच्या आधी दहा-अकराला पाव भाकरी किंवा मूठभर भात द्या. आठ-दहा दिवसांत फरक दिसतो. नाही दिसला, वजन उतरत असेल किंवा दिवसाही व्हायला लागलं, तर मग ते नुसतं पित्त नाही, तपासून घ्या.

गवत खाऊन एखादी उलटी होणं बहुतेक कुत्र्यांत चालतंच. फक्त ते गवत फवारलेल्या बांधावरचं नको.

तंबाखूपट्टा

निपाणी भागासाठी एक खास. वखारीत, पाला वाळत घातलेल्या शेतात किंवा घरात मिसरीच्या डबीशी कुत्र्याचा संबंध आला असेल तर आधी निकोटिन डोक्यात आणा. लक्षणं लवकर, बऱ्याचदा तासाभराच्या आत दिसतात: भरपूर लाळ, उलटी, अंगात आल्यासारखी धावपळ, थरथर, मग पाय लटपटणं. निकोटिनच उलटी घडवून आणतं, त्यामुळे थोडं खाल्लेली पुष्कळ कुत्री स्वतःच वाचतात. विडीची थोटकं चघळणारी पिल्लं मात्र वजनाने लहान, त्यांना थोडंही पुरतं.

इथे एक गोष्ट सगळे चुकीची करतात. पोट खवळलंय म्हणून ॲसिडिटीचं गुलाबी औषध पाजतात. जठरात आम्ल असतं तोवर निकोटिन रक्तात हळू शिरतं. आम्ल मारलं की भरभर शिरतं. म्हणजे औषधाने विषाला वाट करून दिली. तोंड ओल्या फडक्याने पुसा, राहिलेला पाला काढा आणि दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ, अथणी

आमच्याकडचं प्रकरण द्राक्ष आणि बेदाणा. बेदाणा शेडवर राखणीला ठेवलेली कुत्री खाली पडलेला माल खातात. काहींना काहीच होत नाही आणि काहींची मूत्रपिंडं थोड्याशा मालाने बसतात, त्यामुळे 'मागच्या वर्षी खाल्ला होता, काही झालं नाही' हा हिशेब चालत नाही. बेदाण्यातलं पाणी उडालेलं, म्हणून तो द्राक्षापेक्षा जास्त धोक्याचा. अलीकडे टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं जातं. तेच चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंच फोडायच्या दिवसांतही लक्ष ठेवा.

घात कुठे होतो, तर उलटी पहिल्या दिवशी होते आणि थांबते. घरचे म्हणतात बरं झालं. लघवी कमी होणं, मरगळ, तोंडाला घाण वास हे एक ते तीन दिवसांनी येतं. बेदाणा खाल्ल्याचं नक्की असेल तर कुत्रं ठीक दिसत असलं तरी त्याच दिवशी न्या. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते त्यावरून कळतं) त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस बघावं लागतं, सलाईन साधारण दोन दिवस चालतं.

उसाच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधांचं विचारणारे पुष्कळ असतील, ते जाणकारांनी लिहावं.

गोठा ते क्लिनिक

लिहितो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची खूण म्हणजे सगळीकडून पाणी: लाळ, डोळ्यांतून पाणी, लघवी, पातळ संडास, उलटी, सगळं एकदम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगाचे स्नायू फुरफुरतात. ह्याला उतारा आहे, ॲट्रोपिन आणि त्याच्या जोडीची इंजेक्शनं, पण ती वेळेत पडली पाहिजेत. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा, नाहीतर कुत्रं चाटून परत तेच पोटात घेतं. डबा किंवा पुडी बरोबर घ्या. 'काहीतरी पांढरं होतं' ह्यावर कुणीही उपचार करू शकत नाही.

उंदराच्या औषधात दोन जाती लक्षात ठेवा. काळपट भुकटी, झिंक फॉस्फाइड, जठरातल्या आम्लाशी मिळाली की फॉस्फिन वायू तयार होतो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. अशा कुत्र्याला अन्न, दूध, भाकरी काहीही भरवू नका. अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवा आणि ती उलटी हुंगत बसू नका, तो वायू माणसालाही तितकाच वाईट. दुसरी जात ब्रोमाडिओलोनच्या वड्या. त्यांनी लगेच काही दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी हिरडीतून, नाकातून, पोटात रक्त यायला लागतं. वडी खाल्ल्याचं कळल्या दिवशीच के-१ जीवनसत्त्वाचा उपचार सुरू केला आणि तीन-चार आठवडे चालवला तर बहुतेक वाचतात. आठवड्यात बरं वाटलं म्हणून बंद करणारे परत येतात.

वडगावची मावशी

आमच्याकडे विष खाल्लं की मीठपाणी पाजून ओकवतात. ते बरोबर का?

गोठा ते क्लिनिक

मावशी, अजिबात नाही. मिठाने रक्तातलं सोडियम चढतं, झटके येतात आणि विषाआधी मीठच घात करतं. मोहरीचं पाणी, अंडं, तेल, दूध ह्यांचंही नाव नको. ओकवायचं की नाही हे काय खाल्लं आणि किती वेळ झाला त्यावर ठरतं. रॉकेल, ॲसिड, फिनाईल गेलं असेल, कुत्रं गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर ओकवणं म्हणजे तेच फुफ्फुसात ढकलणं. दवाखान्यात इंजेक्शनने ओकवता येतं, नंतर कोळशाची भुकटी देता येते. घरी हात लावू नका.

खानापूरकर

जांबोटी-लोंढा पट्ट्यात जून ते ऑक्टोबर. भाताच्या खाचरात फिरणाऱ्या कुत्र्याला उलटी, ताप, अंग दुखल्यासारखं चालणं आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा झाला तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार, समजून चाला. उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो, मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही धरतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. साफ करताना हातमोजे, पायात बूट. लस वर्षातून एकदा लागते, पावसाआधी घेतलेली बरी. 'लहानपणी सगळ्या लसी झाल्यात' हे लेप्टोला लागू नाही.

गोचिडांचंही विसरू नका. गोचीड-तापात कुत्रं खात नाही, ओकतं, ताप येतो, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासलं की प्लेटलेट घसरलेल्या दिसतात. पोटाचं औषध देऊन आठवडा घालवला की रक्त भरायची वेळ येते.

अनगोळकर

पिल्लांचं कोण लिहिणार? आमच्याकडे दर पावसात पार्वो विषाणूची साथ फिरते.

मार्कंडेयकाठ

दीड महिना ते सहा महिने ह्या वयाचं, लस न झालेलं किंवा अर्धवट झालेलं पिल्लू मलूल झालं, खाणं सोडलं आणि ओकायला लागलं, तर रक्ताच्या संडासची वाट बघू नका. ती दिवसभराने येते आणि तोवर पिल्लू सुकलेलं असतं. संडासच्या नमुन्यावर पट्टीची चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक. विषाणूवर खात्रीचं औषध नाही, पिल्लाला तगवून धरायचं असतं.

फिनाईलने पार्वो मरत नाही, हे चार वेळा वाचा. आधी साबणाने घाण काढा, मग कपडे धुवायचं साधं ब्लीच, एक भागाला तीस भाग पाणी, फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. सारवलेली जमीन, अंगणातली माती धुता येत नाही; तिथे विषाणू महिनोन्‌महिने, वर्षभरही टिकतो. त्या घरात वर्षभर नवीन पिल्लू आणू नये, आणायचंच तर लसीकरण पूर्ण झालेलं.

लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू, मग तीन-चार आठवड्यांनी परत, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. आईच्या दुधातली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना खाऊन टाकते, म्हणून शेवटचा डोस चुकवला की बाकीचे असून नसल्यासारखे. आणि लस २ ते ८ अंशात राहिली पाहिजे. मेडिकलमधून घेऊन खिशात टाकून गावाला नेली तर टोचली काय, न टोचली काय.

जंत हे पिल्लांच्या उलटीचं दुसरं कारण. शेवयांसारखे पांढरे जंत पडतात. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला आठ-बारा आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. मात्रा वजनावर असते, म्हणून आधी पिल्लू तोला.

वडगावची मावशी

आणि जे साधं आहे, एक-दोनदा ओकलं, बाकी बरं आहे, त्याला घरात काय करायचं ते नीट लिहा की. उपाशी ठेवा म्हणतात. किती?

गोठा ते क्लिनिक

मोठ्या, एरवी निरोगी कुत्र्याला सहा ते बारा तास अन्न बंद. पिल्लांना आणि अगदी छोट्या जातींना उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर उतरते आणि पिल्लू गार पडतं. त्यांना उलटी लागली की सरळ दवाखाना.

पाण्याचं भांडं भरून समोर ठेवू नका. तहानलेलं कुत्रं घटाघट पितं, जठर ताणतं, परत सगळं बाहेर, आणि घरचे म्हणतात पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. शेवटच्या उलटीनंतर दोनेक तास थांबून, दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे, अर्ध्या तासाने परत तेवढंच. किंवा चाटायला बर्फाचा खडा. हे ठरलं तर हळूहळू वाढवा. माणसांच्या ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात करून थोडी दिली तरी चालते, 'शुगर-फ्री' लिहिलेलं काही मात्र नको. त्यात झायलिटॉल असलं तर कुत्र्याची साखर धाडकन उतरते आणि यकृतावर जातं.

मग मऊ भात दोन भाग, कातडी आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन एक भाग. मीठ, हळद, तेल, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, ते दोन-चार दिवसांनी कळतं. पहिला घास दोन मोठे चमचे. तीन तास ठरलं तर परत. दिवसाला चार-सहा वेळा, दोन-तीन दिवस. नंतर नेहमीचं जेवण चौथाई, अर्धं, पाऊण असं मिसळत आणा. भात आपल्या साध्या इंद्रायणीचा चालतो, बासमतीच पाहिजे असं कुत्र्याने अजून म्हटलेलं नाही.

तंबाखूपट्टा

उलटी थांबवायचं ओंडानसेट्रॉन घरात असतंच. एखादी गोळी दिली तर?

गोठा ते क्लिनिक

गोळी वाईट नाही, वेळ वाईट असते. आतड्यात काही अडकलं असेल तर उलटी थांबते, कुत्रं बरं दिसतं आणि आत आतडं काळं पडत राहतं. मेटोक्लोप्रामाइड तर अडथळ्यात देऊच नये, ते आतड्याला ढकलतं. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल देणं बंद करा. उलटीवर दिलेल्या आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळीनेच जठराला व्रण पडून काळी उलटी सुरू होते.

अनगोळकर

अडकण्यावरून. आता रस्तोरस्ती भाजलेली कणसं सुरू झालीत. खाल्लेलं बुरकुंड कचऱ्यात टाकतात आणि कुत्री ते गिळतात.

मार्कंडेयकाठ

बुरकुंड पचत नाही, खरखरीत असल्याने सरकत नाही, आणि एक्स-रेत नीट दिसतही नाही; सोनोग्राफी लागते. आंब्याची कोय तशीच, मे-जूनमध्ये. अडथळ्याची चाल अशी: पहिला दिवस जेवण ओकतं, दुसऱ्या दिवशी पाणीही, संडास बंद, पोट दाबलं की आकसतं. गिळलेला तुकडा आठवड्यांनंतरही त्रास देऊ शकतो, जठरात पडून राहिलेला असतो.

पोत्याची सुतळी त्याहून वाईट. गुळाच्या, पेंडीच्या पोत्याचा वास असतो म्हणून कुत्रं चघळतं. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अटकतं, उरलेली सुतळी आतड्यात जाते आणि आतडं त्यावर चुण्या घेत वर चढतं. जीभ उचलून बघा. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तर ओढू नका, आतड्याला करवत लावल्यागत होईल.

खानापूरकर

हात घालण्यावरून एक इशारा. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळतेय, आवाज बदललाय, वागणं बदललंय, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. रेबीजही नेमका असाच दिसतो. लस नसलेल्या किंवा मोकाट कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. घातला गेलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात.

कृष्णाकाठ, अथणी

मुधोळवाल्यांसाठी काही? आमच्या बाजूला मळ्यावर मुधोळ आणि शेफर्ड दोन्ही आहेत.

गोठा ते क्लिनिक

खोल छातीच्या सगळ्याच कुत्र्यांना हा धोका: जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं. शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन ह्यांच्यात जास्त. मुधोळची छातीही खोलच. खूण एकच पक्की धरा: ओकायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा, आणि बाहेर काहीच नाही, फार तर फेस. बसवत नाही, झोपवत नाही, मागे वळून पोटाकडे बघतं, बरगड्यांमागे पोट तटतटतं. ह्याला घरचा एकही उपाय नाही. सोडा, ओवा, इनो काही पाजू नका. हा काही तासांचा खेळ, शस्त्रक्रियाच लागते. फोन करून विचारा की ऑपरेशनची सोय आहे का, नसेल तर तिथे थांबून वेळ घालवू नका. टाळायचं तर दिवसाचं जेवण दोन-तीन वेळांत, हावरट कुत्र्याला पसरट थाळीत, आणि जेवणावर तासभर तरी पळवू नका.

जत्रेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी कुत्री वेगळी. मटणाची चरबी, कातडी, तूप खाऊन स्वादुपिंड सुजतं. पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर, अशी ताणून उभी राहतात. सलाईन आणि दुखण्यावरचं औषध लागतं, नंतर बरेच दिवस बिनचरबीचं खाणं.

आणि मादी असेल तर विचारा, माजावर कधी येऊन गेली. माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिणं, खूप लघवी, उलटी, मरगळ असेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही.

वडगावची मावशी

डॉक्टरकडे जाताना काय काय न्यायचं?

मार्कंडेयकाठ

व्हिडिओ, उलटीचा फोटो, जमलं तर थोडी उलटी झाकणाच्या डबीत, खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन, लसीची पुस्तिका, घरी दिलेली औषधं. वजन, पहिली उलटी कधी, किती वेळा, शेवटची लघवी आणि संडास कधी. ताप घरी बघायचा तर डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावून गुदद्वारात इंचभर. ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस ठीक, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण १००.५ ते १०२.५. नाक गरम-गार ह्यावरून काही कळत नाही.

कुठे जायचं हे आधी ठरवून ठेवा. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना सलाईन आणि पहिल्या इंजेक्शनला चांगला, रात्रीची आणि सोनोग्राफीची सोय विचारून घ्या. निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, कागवाडकडच्यांना मिरज-सांगली. हद्द ओलांडली म्हणून कुत्र्याच्या कागदाला कुणी विचारत नाही. १९६२ ह्या नंबरवर फोन केला की फिरता दवाखाना मिळतो, पण तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी.

अनगोळकर

शेवटचा प्रश्न, थोडा हलका. चोर्ला घाटाने गोव्याला नेताना दर वेळी ओकतं. तेही आजारपण का?

खानापूरकर

नाही हो, वळणांचा त्रास. निघायच्या आधी चार-पाच तास जेवण नको, पाणी थोडंच. मागच्या सीटवर बाहेर बघता येईल असं बांधा, काच दोन बोटं खाली, जांबोटीला एकदा उतरवून चालवा. तरीही होत असेल तर डॉक्टरकडून प्रवासाआधीची गोळी लिहून घ्या, माणसांची देऊ नका. बहुतेक पिल्लं वर्षभराची झाली की सुधारतात.